मागे वळायचं बटण

व्हिडिओ गेमच्या कथा लिहिणाऱ्या भावाने नवा गेम आधी ताईला खेळायला दिला. पडद्यावरचा मुलगा भांडून घराबाहेर पडला, तशी फाटकाशी उभ्या वडिलांनी हाक मारली. ताईने कंट्रोलरचं बटण दाबदाब दाबलं, पण मुलगा चालतच राहिला. "अरे, बाबा बोलावताहेत! हा ठोंब्या वळत का नाही?" "ताई, हा कटसीन आहे. इथे खेळणाऱ्याने नुसतं बघायचं." खेळणाऱ्याला मोकळीक द्या म्हणून सहकाऱ्यांनी किती विनवलं होतं, तोच हटून बसला होता. ताईचे डोळे भरून आले. "म्हणजे तू घर सोडलंस त्या दिवशी तुझ्याही हातात काही नव्हतं! आणि मी मेली वर्षानुवर्षं तुला बोल लावत राहिले." तिने कंट्रोलर अलगद त्याच्या हातात ठेवला. त्याची मान वर होईना. बाबांची ती शेवटची हाक त्याला त्या दिवशी स्पष्ट ऐकू आली होती. वळायला कुणी अडवलं नव्हतं.