कामाचा माणूस

वीज परत आली, पण रक्तपेढीचा डेटाबेस काही उठेना. खिडकीपाशी रुग्णांचे नातेवाईक ताटकळले होते.

"तावरे असते तर धावत आले असते," डॉक्टर दिघे म्हणाले. "फार कामाचा माणूस!" संगणक सांभाळणारे तावरे निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी रेवा करारावर आली होती.

तिला दुखणं लगेच कळलं. डेटाबेसला लागणाऱ्या सामायिक मेमरीची मर्यादा तावरे दर वेळी कमांड देऊन वाढवायचे, सेटिंगच्या फायलीत कधीच लिहायचे नाहीत. मशीन बंद पडलं की मर्यादा पुन्हा पूर्वीइतकीच, आणि डेटाबेस अडून बसायचा. मग फोन, मग तावरे.

रेवानं कमांड दिली. डेटाबेस उठला. एवढ्यावर थांबलं तरी चाललं असतं. तिची बोटं क्षणभर कीबोर्डवर रेंगाळली. मग तिनं मर्यादा फायलीतही लिहून टाकली.

त्यानंतर वीज कितीदा तरी गेली. डेटाबेस आपला आपण उठत राहिला.

करार संपला तेव्हा डॉक्टरांनी चहा मागवला. "काम चांगलंय हो तुमचं, पण आता इथं काही बिघडतच नाही. तावरेंची गोष्ट वेगळी. त्यांच्यावाचून आमचं पान हलायचं नाही."