टेकडीवरची हवा

"काका, खरं सांगा, टेकडीवर मोटारसायकल नेता का?" प्रयोगशाळेतल्या मॅडमनी फोनवर विचारलं आणि शेलारकाकांच्या तोंडचं पाणीच पळालं.

सव्वीस वर्षं दर मंगळवारी टेकडी चढून, आपला श्वास नमुन्यात मिसळू नये म्हणून तो रोखून, ते प्रयोगशाळेसाठी काचेच्या बाटलीत हवा भरत आले होते. गाडी पायथ्यालाच ठेवायची, हा पहिला नियम. पेट्रोल कोट्यवधी वर्षं जमिनीत मुरलेलं. त्याच्या धुरात किरणोत्सारी कार्बन उरतच नाही. तो धूर बाटलीत शिरला की प्रयोगशाळा मोजते तो हवेतल्या या कार्बनचा आकडा घसरतो. पण गुडघ्यांनी दगा दिला, आणि गेले तीन मंगळवार काका गाडी थेट वर नेत होते. गुडघ्यांचं घरी सांगितलं असतं तर टेकडीच सुटली असती.

"चुकलं मॅडम. त्या तिन्ही बाटल्या रद्द करा. आणि दुसरा माणूस बघा."

पुढच्या मंगळवारी ते बाटल्यांची पेटी सोपवायला पायथ्याशी आले, तर मॅडम स्वतःच उभ्या. त्यांनी पेटी खांद्याला अडकवली, एक काठी काकांपुढे धरली.

"दुसरा माणूस पेटी उचलेल. श्वास तुम्हीच रोखायचा. चला सावकाश, हवा काही पळून जात नाही."