हनोखाले काहून नेलं

रूबेन आणि सिपोराचा मुलगा नागपूरच्या अंबाझरी तलावात बुडाला, त्याला सात दिवस झाले होते. ट्रंककॉल मिळताच पनवेलहून आलेले सिपोराचे मामा ज्यू रीतीप्रमाणे सुतकात चटईवर बसलेल्या दोघांना समजावत होते. "आपला पूर्वज हनोख, त्यालाही देवानं असंच नेलं. तो मेला नाही, मेटाट्रोन नावाचा देवदूत होऊन स्वर्गात माणसांची पुण्यं लिहितो." "पण त्याले काहून नेलं, मामा?" सिपोरानं विचारलं. "आपले धर्मगुरू, रब्बी सांगतात, तो भला होता, पण मनाचा कच्चा. बिघडण्याआधीच देवानं उचलला." रूबेनला राहवलं नाही. "सिपोरा, त्या सकाळी पोराच्या खिशात शब्बाथच्या पवित्र शनिवारचं सिनेमाचं तिकीट सापडलं. मी म्हटलं, तू बिघडला, घरात पाय ठेवू नको. तुले सांगायची हिंमत नाही झाली वं." तिनं त्याचा हात धरला. "मले माहीत हाय. मी सैपाकघरातच होती, अन् बाहेर नाही आली."