कार्डातली गाणी

गंजाडची शुक्रीआजी धवलेरी होती. तिने गाणी म्हटल्याशिवाय पाड्यावर लग्न लागत नसे. ती थकत चालली तसं नातू रूपेशने तिची गाणी जपायला फोनमध्ये नवं मेमरी कार्ड घातलं. फोनने विचारलं, कार्ड वेगळं ठेवायचं की फोनला जोडून टाकायचं? जोडलं तर जागा वाढते म्हणून त्याने तेच निवडलं आणि महिनाभर बसून आजीची सगळी गाणी रेकॉर्ड केली.

आजी गेली. पुढच्या पावसाळ्यात फोनही बंद पडला. रूपेश तो घेऊन डहाणूच्या मोबाईलवाल्याकडे गेला.

"कार्ड चांगलं आहे," दुकानदार म्हणाला, "पण ते याच फोनला जोडलंय. दुसऱ्या कशातच उघडणार नाही. आणि याचा तर बोर्डच गेलाय."

घरी आल्यावर बहिणीने, निलमने, विचारलं, "एक तरी गाणं मिळालं?"

"नाही. तुला काही आठवतं?"

"दोन ओळी," निलम म्हणाली. "मी आजीच्या मागून गायला लागले की तू मला बाहेर पाठवायचास. रेकॉर्डिंगमध्ये दुसरा आवाज नको म्हणून."