रोलमधले उरलेले फोटो

लग्नाचा रोल धुण्याआधी त्यात दोन-तीन फोटो उरले, की शहापूरचा केवळराम फोटोग्राफर ते अंगणातल्या फुलापानांवर संपवायचा. कॅमेरा अगदी जवळ न्यायचा. वाऱ्यानं फूल हलू नये म्हणून त्याची बायको पुष्पाबाई देठ धरून बसायची.

"अवो, एखादा माहा बी काढा न."

"तुहा काय, कवाही काढता येते," तो म्हणायचा, आणि छापताना कडेला आलेली तिची बोटं कापून टाकायचा.

तिच्या तेरवीला हार घालायला तिचा फोटोच नव्हता. केवळरामनं जुन्या निगेटिव्ह उजेडात धरून पाहिल्या. गुलबक्षी, धोतरा, तुळस. प्रत्येक फुलापानाच्या कडेला विळ्यानं चिरलेला तिचा अंगठा तेवढा होता.

महिन्याभरानं पुन्हा एका लग्नाचा रोल उरला. शेवटचा फोटो त्यानं सदाफुलीचा काढला. सकाळपासून वारा सुटला होता आणि देठ धरायला घरात कोणी नव्हतं. फोटो हललेलाच येणार, हे त्याला ठाऊक होतं.

रोल धुऊन त्यानं उजेडात धरला. सदाफुली तसूभरही हलली नव्हती. निगेटिव्हची कड त्याच्याच चिमटीखाली झाकली होती, आणि ती चिमूट सोडायची त्याची छाती होईना.