मितभाषी नायक

शनिवारी दुपारी चार वाजता सॅस्कटूनमधल्या पुस्तकांच्या दुकानात डेल्बर्टसमोर सह्यांसाठी रांग लागली. वीस वर्षांपूर्वी टोरांटो-व्हँकुव्हर गाडीत जुळलेल्या चार दिवसांच्या प्रेमावर त्याने टोपणनावाने मोजक्या शब्दांची कादंबरी लिहिली होती. ती वाचून 'ती' ओळखेल, शोधत येईल, एवढ्याच आशेवर. नावं विचारावी लागू नयेत म्हणून दुकानदारबाई प्रत्येक प्रतीवर वाचकाच्या नावाची चिठ्ठी लावत होत्या. सातव्या चिठ्ठीवर नाव होतं ओरिसिया. त्याने वर पाहिलं. तीच होती.

"त्या गाडीने मीही गेलेय हो," ती म्हणाली. "तुमचा नायक कसा न बोलता प्रेम करतो! नाहीतर माझ्या शेजारचा बाबा. चार दिवस नुसती टकळी, कान किटले माझे!"