कुणीच न पाहिलेली भट्टी

भोरच्या संग्रहालयात चैत्रात प्रदर्शन भरायचं होतं : शर्यतीच्या घोड्या आणि गावठी दारू. सामान जमवता जमवता तिथं काम करणारी सारिका मेटाकुटीला आली. घोडीचं विचारलं की छात्या फुगायच्या. एकाच शर्यतीची पहिल्या नंबराची ढाल तीन गावांनी आपली म्हणून सांगितली. दारूचं विचारलं की भोंगवलीवाले वरव्याकडं बोट दाखवायचे, वरवेवाले शिवऱ्याकडं. शिवऱ्याचे ज्ञानूनाना तर अंगावरच आले, "आमच्या गावात भट्टी? आमी ती कदी डोळ्यांनी बघितलीबी न्हाई!"

शेवटी वैतागून तिनं भंगारातून दोन हंडे आणि एक नळी आणली आणि हंड्यावर हंडा ठेवून भट्टी स्वतःच मांडली.

उद्घाटनाला तिन्ही गावं लोटली. नाना भट्टीपुढं थबकले. नळी बघून त्यांना राहवेना.

"अवो बाई, नळी खालच्या हंड्याला लावत्यात व्हय? वाफ वर जाती!"

सारिकानं मुद्दाम खाली जोडलेली नळी काढून त्यांच्या हातात दिली. "मग तुम्हीच लावून दाखवा ना, नाना."

नाना नळी लावायला वाकले, तोच मागनं तीन-चार जण एकदम ओरडले, "तशी न्हाई ओ नाना! सरका, आमच्या गावात कशी लावत्यात ते बघा!"